पंप त्याच्याकडे, बॉल माझ्याकडे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात फुटबॉलचे खुले सामने झाले. गाव वणी तालुक्यातलं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. खाणीच्या कॉलनीतल्या मैदानांवरून हा खेळ आमच्याकडे आला आणि कबड्डी-व्हॉलीबॉलच्या शेजारी जागा धरून बसला. सोयाबीन निघालेल्या एका वावरात ढेकळं फोडून, पाणी मारून, फक्कीच्या रेषा ओढून मैदान केलं होतं. उपांत्य सामन्यात आमची टीम दोन गोलांनी मागे पडली आणि संपायला दहाएक मिनिटं उरली असताना आमचेच दोन पोट्टे एकमेकांच्या अंगावर गेले. एक स्टॉपर, म्हणजे गोलासमोर मागे थांबणारा; दुसरा लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा. "पास कावून नाही देत बे?" इथून सुरुवात झाली. मग एक धक्का, एक थापड, आणि पाहता पाहता दोघं फक्कीच्या रेषेवर लोळत होते. सोडवायला समोरच्या टीमचा कप्तान धावला. आमचे उरलेले नऊ जण कमरेवर हात ठेवून पाहत उभे.

हे सगळं दीड मिनिट चाललं. त्यानंतर जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ चार गावांच्या ग्रुपवर फिरला, कुणीतरी त्याला कुस्तीचं म्युझिकही लावलं. रात्री एकाचा काका दुसऱ्याच्या दारात उभा. दोघांची घरं ग्रामपंचायतीत वेगवेगळ्या पॅनलची, त्यामुळे तिथं वाळलेली पऱ्हाटी रचलेलीच होती, काडी लागायचीच काय ती उशीर. तंटामुक्ती समितीने दोघांना बोलावून पन्नास माणसांसमोर गळाभेट घ्यायला लावली आणि फोटो काढला. शाळेने दोघांनाही टीममधून काढून टाकलं. आणि पारावर एकमताने निकाल लागला, की आता यांची खुन्नस जन्मभर राहते.

मला हा निकाल मान्य नाही. एका टीममधल्या पोरांच्या मारामारीतून जन्मभराची खुन्नस आपोआप होत नसते. ती वेगळी तयार करावी लागते, आणि ते काम आम्ही मोठी माणसं मन लावून करतो.

आमच्या पोरांनी जे केलं ते २ एप्रिल २००५ रोजी इंग्लंडमध्ये हजारो लोकांसमोर झालं होतं. न्यूकॅसल युनायटेड आपल्याच मैदानावर अॅस्टन व्हिलाकडून तीन गोलांनी हरत होती, एक खेळाडू आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला. अशात न्यूकॅसलचे ली बोयर आणि किरन डायर एकमेकांना भिडले. कारण हुबेहूब आमचंच, तू मला पास देत नाहीस. बोयरचा शर्ट फाटला. त्याला ओढून नेलं ते व्हिलाच्या गॅरेथ बॅरीने, म्हणजे तिथंही समोरच्याच टीमचा माणूस कामी आला. दोघांना लाल कार्ड मिळालं, न्यूकॅसलने सामना आठ जणांत संपवला. बोयरचा सहा आठवड्यांचा पगार कापला गेला, पुढे कोर्टानेही दंड केला. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय त्यांना वाटेल की हे दोघं पुन्हा एकमेकांची तोंडं पाहणार नाहीत. बोयर २००६ मध्ये वेस्ट हॅमला गेला. पुढच्याच वर्षी डायरने नवा क्लब निवडला तो कोणता? वेस्ट हॅम. डूख धरलेला माणूस चालून दुसऱ्याच्या ड्रेसिंग रूममध्ये जात नाही.

जाता जाता एक सांगतो, कारण आमच्या सामन्यात यावरून बराच घोळ झाला. आपल्याच गड्याला मारलं तरी लाल कार्डच, नियम स्पष्ट आहे. आणि चेंडू खेळात असताना मारलं तर समोरच्या टीमला डायरेक्ट फ्री किक. आपल्या पेनल्टी एरियात मारलं तर थेट पेनल्टी! आमच्या रेफरीने दोघांना "चला, झालं आता" म्हणून पुन्हा खेळायला लावलं. त्या वेळी मला तो अडाणीपणा वाटला. आता वाटतं, त्या दिवशी गावात तेवढाच एक शहाणा माणूस होता.

याहून मोठा दाखला जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबचा. १७ एप्रिल २०१२, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, समोर रिअल माद्रिद. फ्री किक कोणी मारायची यावरून फ्रँक रिबेरी आणि आर्यन रॉबेन यांची मैदानातच जुंपली आणि मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये रिबेरीने रॉबेनला ठोसा मारला. डोळ्याखाली काळंनिळं. सामना बायर्नने २-१ जिंकला. महिनाभराने, १९ मे रोजी, आपल्याच शहरात चेल्सीविरुद्ध अंतिम सामना. जादा वेळेत रिबेरीला पाडलं म्हणून पेनल्टी मिळाली, तो जायबंदी होऊन बाहेर गेला आणि पेनल्टी मारली रॉबेनने. गोलकीपरने अडवली. पुढे बायर्न शूटआउटमध्ये, म्हणजे पेनल्ट्या मारून निकाल लावतात त्यात, हरलं. खुन्नस धरायची तर याहून चांगला मुहूर्त कुठून मिळणार? मी पाडून घेतलं, पाय मोडून घेतला आणि तू वाया घालवलंस. आपल्याकडे एवढ्यावर दोन पिढ्या बोलल्या नसत्या. पण २५ मे २०१३ ला वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८९ व्या मिनिटाला रॉबेनने जो गोल मारून कप जिंकला, त्याला चेंडू टाचेने सरकवून दिला होता रिबेरीने. त्यानंतर आणखी सहा वर्षं दोघं एका टीमच्या दोन बाजू सांभाळत राहिले आणि २०१९ मध्ये बायर्नमधून सोबतच निघाले.

ही मोठ्या पगाराची माणसं, त्यांची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. म्हणून माझी सांगतो, यात पगार नव्हता.

मी दहावीत होतो. मामाने नागपूरहून आणलेला बॉल माझा होता. गावात बॉल एकच. पण बॉल असून भागत नाही, त्यात हवा लागते, आणि पंपाची पिन होती आमच्या गोलकीपरकडे, कारण त्याच्या बापाचं सायकलचं दुकान. मी लेफ्ट बॅक, म्हणजे मागच्या फळीत डावीकडे. एका सामन्यात समोरचा फॉरवर्ड माझ्या पायातून बॉल काढून गेला आणि गोल झाला. कीपरने उठून मला ढेकूळ फेकून मारलं, कानाच्या वर लागलं. मी जाऊन त्याच्या दंडाला चावलो. (हो, चावलो. लेफ्ट बॅकला दुसरं काय येतं?) तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी बॉल मऊ पडला. लाथ मारली की भिजल्या पोत्यासारखा आवाज. सगळी पोरं माझ्याकडे पाहायला लागली.

मी दुकानात गेलो आणि बॉल फळीवर ठेवला. तो काही बोलला नाही. पिन थुंकीने ओली केली, खुपसली, हवा भरली, बॉल दोनदा आपटून पाहिला आणि म्हणाला, "चाराणे." त्याने माझ्याकडून कधी चाराणे घेतले नव्हते. मी काढून दिले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो तेव्हा त्याने मागितले नाहीत. एवढाच आमचा समेट. माफी कुणी मागितली नाही, गळाभेट झाली नाही, फोटो तर नाहीच नाही. आज त्याच्या दंडावर खूण आहे आणि तो ती माझ्या मुलांना कौतुकाने दाखवतो.

यात मोठेपणा कुणाचाच नव्हता. पंप त्याच्याकडे आणि बॉल माझ्याकडे, एवढंच होतं. माकडांवर झालेला एक प्रयोग आहे. मरीना कॉर्ड्स आणि सिल्वी थर्नहीर या दोन संशोधक बायांनी १९९३ मध्ये तो छापला. लांब शेपटीच्या मकाक माकडांच्या जोड्यांना त्यांनी अशी सवय लावली की दोघं शेजारी बसली तरच दोघांना खाऊ मिळेल. मग त्यांच्यात भांडण लागलं की काय होतं ते पाहिलं. सवय लागण्याआधीच्या मानाने ही माकडं भांडणानंतर तिपटीने अधिक वेळा समेट करायला लागली. स्वभाव तेच, दात तेच, फक्त एकमेकांवाचून खाऊ मिळेना. आमच्या गावच्या वानरांना हे सांगायची गरज नाही, हरभऱ्याच्या वावरात ती टोळीनेच उतरतात. गरज आहे ती शाळेच्या हेडमास्तरांना सांगायची. कारण दोघांनाही टीमबाहेर काढणं म्हणजे पंपही काढून घ्यायचा, बॉलही काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, आता गोडीने राहा.

एवढं बोलल्यावर एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. खुन्नस राहते, काहींची फार राहते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, राहते तशी.

धुऱ्याचं भांडण ज्याने पाहिलं नाही त्याला विदर्भातलं खेडं कळलेलं नाही. वीतभर जमीन, त्यावर एक बोरीचं झाड, आणि त्यापायी सख्ख्या चुलतभावांची तिसरी पिढी कोर्टात. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयतीला जातात तर लांब उभे राहतात. ते एकमेकांवाचून अडत नाहीत का? अडतात. पांदण एक, विहिरीचं पाणी एक. पण धुऱ्याचा हिशेब असा, की तुझी वीत वाढली की माझी वीत कमी झाली. पासचा हिशेब तसा नसतो. तू दिलेल्या पासवर मी गोल मारला तर बोर्डावर आपला एक लागतो, तुझा-माझा असा वाटून लागत नाही. म्हणून पासवरून झालेली मारामारी विरघळते. टीममध्येही जिथं धुरा आहे तिथली खुन्नस मात्र टिकते, आणि टीममधला सगळ्यात पक्का धुरा म्हणजे गोलकीपरची जागा. अकरात कीपर एकच. जर्मनीचे ऑलिव्हर कान आणि येन्स लेमन यांच्यात मैदानावर हाणामारी कधी झाली नाही, तरी वर्षानुवर्षं दोघांत विस्तव जात नव्हता, कारण हातमोजे दोघांचे आणि जागा एक. २००६ च्या विश्वचषकाआधी प्रशिक्षक क्लिन्समनने लेमनला निवडलं. अर्जेंटिनाविरुद्ध शूटआउट सुरू होण्यापूर्वी बाकावरचा कान उठून आला आणि लेमनचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलला. लेमनने दोन पेनल्टी अडवल्या. ते हस्तांदोलन आजही लोकांच्या लक्षात आहे, कारण तसं काही होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आणि दुसरी खुन्नस टिकते ती अपमानाची. मँचेस्टर युनायटेडच्या अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅमचं उदाहरण सगळे देतात, पण ते नीट पाहत नाहीत. मार्च १९९५ मध्ये उरुग्वेविरुद्ध कोल इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळायला उतरत होता, शेरिंगहॅमच्या बदली. बाहेर येणाऱ्याने आत जाणाऱ्याच्या हातावर हात मारायचा ही रीत. कोलच्या सांगण्याप्रमाणे शेरिंगहॅमने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कोलने ते मनात ठेवलं. पुढे १९९७ मध्ये शेरिंगहॅम युनायटेडमध्ये आला, दोघं एकाच टीमचे फॉरवर्ड झाले आणि तरी बोलले नाहीत. वर्षानुवर्षं. बघा, इथं कुणी कुणाला मारलेलं नाही, साधी शिवीसुद्धा नाही. हात पुढे आला नाही एवढंच, तेही हजारो लोकांच्या देखत, पोराच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी. ढेकळाची जखम भरली, न मिळालेल्या हाताची भरली नाही. तरीही १९९९ मध्ये त्याच टीमने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. चेंडू मात्र ते एकमेकांना देत होते.

इथं मला आमच्या भागातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गाव सांगत नाही. सामना सुरू असताना एका पोराने आपल्याच टीममधल्या दुसऱ्याला जात काढून बोललेलं मी रेषेवर उभा राहून ऐकलं. हात कुणी उचलला नाही. ज्याला बोललं गेलं तो पोरगा चालत बाहेर आला, बूट सोडले, बूट मंडळाचे होते म्हणून रेषेबाहेर नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी घरी गेला. पुन्हा खेळला नाही. त्याच्या मागे त्याला समजवायला गेलेली माणसं काय म्हणाली? "खेळातलं खेळात सोडून दे बाबू." माझं म्हणणं याच वाक्याच्या बाजूचं आहे असं कुणी समजू नये. पासवरून झालेली थापड खेळातली असते. जात खेळातली नसते, ती माणूस गावातून मैदानात घेऊन येतो. ती सोडून द्यायला सांगणारे बहुतेक वेळा ती कधी सोसायला न लागलेले असतात. अशा वेळी बोलणाऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढायचं, सामना हरला तर हरू द्यायचा आणि कायद्याचा रस्ता कुणाला धरायचा असेल तर आडवं यायचं नाही. त्या पोराने राग धरला असेल तर मी त्याला खुन्नस म्हणणार नाही.

म्हणजे भांडण कशावरून झालं हे आधी विचारायला हवं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. आपल्याकडे फक्त एवढंच पाहतात, की हात उचलला की नाही. उचलला असेल तर तंटा, नसेल तर शांतता. आपल्या सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालवली. धुऱ्याच्या, भाऊबंदकीच्या कितीतरी भांडणांत पोलीस ठाण्याची पायरी तिने वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शाळकरी दोन पोरांना खुर्च्या मांडून बसलेल्या माणसांसमोर उभं करायचं आणि "घ्या रे गळाभेट" म्हणायचं, यातून तंटा मिटत नाही, तो नोंदवला जातो. दीड मिनिटाची गोष्ट कागदावर चढते. आता ती दोन पोरांची न राहता दोन घरांची झाली, दोन पॅनलची झाली. पोरगा उद्या बोलायला गेला तर घरी बाप विचारतो, "लाज नाही वाटत?" न्यूकॅसलनेही त्याच दिवशी हे केलं होतं. प्रशिक्षक सूनेसने बोयर आणि डायरला पत्रकारांपुढे आपल्या दोन बाजूंना बसवलं. ते दृश्य मला मारामारीपेक्षा वाईट वाटतं.

व्हिडिओचं तर विचारूच नका. आमच्या वेळी ढेकूळ एकदा लागलं आणि संपलं. आताच्या पोरांना तेच ढेकूळ रोज लागतं, आणि खाली हसणारी तोंडं.

मग करायचं काय? दक्षिण कोरियाची गोष्ट मला यासाठी आवडते. फेब्रुवारी २०२४, कतारमध्ये आशिया कपचा उपांत्य सामना जॉर्डनशी. आदल्या संध्याकाळी काही तरुण खेळाडू जेवण लवकर आटोपून टेबल टेनिस खेळायला उठले. कप्तान सोन ह्युंग-मिन, वय ३१, त्याला ते रुचलं नाही. झटापट झाली आणि त्यात सोनचं बोट निखळलं. समोर होता ली कांग-इन, वय २२. बोटाला पट्टी बांधून सोन खेळला, कोरिया २-० हरली, प्रशिक्षकाची नोकरी गेली. (प्रशिक्षक कोण, तर तोच क्लिन्समन. या माणसाच्या नशिबी हेच दिसतं.) वडीलधाऱ्याचा मान आपल्याइतकाच, किंबहुना जास्तच मानणारा तो देश, तिथं धाकट्यावर केवढा गहजब झाला असेल! पण ली स्वतः लंडनला सोनच्या भेटीला गेला आणि माफी मागितली. सोनने लोकांना सांगितलं, याला माफ करा, लहानपणी माझ्याही हातून चुका झाल्या. आणि पुढच्या महिन्यात दोघं टीममध्ये होते. २६ मार्चला बँकॉकमध्ये थायलंडविरुद्ध लीच्या पासवर सोनने गोल केला आणि दोघांनी मिठी मारली. ती कुणी मारायला लावली नव्हती. तिथंही लीला टीममधून काढा अशी ओरड झाली होती. काढला असता तर तो पास कुणी दिला असता?

आमच्या शाळेने सुब्रतो कपच्या तालुका फेरीला या वेळी स्टॉपर आणि लेफ्ट हाफ दोन्ही नवे उतरवले. १९६० पासून चालत आलेली ही शाळांची स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी. खेड्यातल्या पोराला जिल्ह्याच्या मैदानावर उभं करणाऱ्या संधी आमच्याकडे अशा कितीशा? पहिल्याच सामन्यात हरून पोरं दुपारच्या एसटीने परत आली. शिक्षा दोघांना करायची होती, भोगली सोळा जणांनी. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, एक सामना दोघांना बसवा, पण बसवा एकाच बाकावर. महिनाभर मैदानाला पाणी मारायची पाळी दोघांना मिळून द्या. पाइप एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याला मोटार चालू करता येत नाही, हे आमच्या भागात लाइट जायच्या आत उरकायचं काम असतं, रुसायला वेळ मिळत नाही.

मला कुणी विचारलं नाही.

परवा संध्याकाळी मी मैदानाकडून येत होतो. शाळेच्या टीममधून काढलं तरी मैदानात यायला कुणाची बंदी नाही, दोघं आपापल्या वेळेला येतात. त्या दिवशी पोरं कमी होती म्हणून दोघं एकाच बाजूला पडले. मी सायकल लावून थोडा वेळ पाहिलं. सोबतच्या पोराला विचारलं, "बोलतात का रे?" तो म्हणाला, "नाही जी, अजून नाही." तेवढ्यात लेफ्ट हाफकडे बॉल आला, पाठ गोलाकडे, आणि पाठीमागून एक जण धावत आला. स्टॉपर मागून ओरडला, "मांगं हाये बे!" लेफ्ट हाफने न बघताच बॉल बाजूला घेतला आणि निघाला.

"हे काय मग?" मी म्हटलं.

"हे बोलनं नाही ना जी," पोरगा म्हणाला. "हे खेळनं हाये."